छत कुठं गेलं?

सोमवारी लाल किल्ला बंद असतो. राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती, तीन मूर्ती भवनातलं पंतप्रधान संग्रहालय, सगळ्यांना सोमवारचीच सुट्टी. दिल्लीकराला हे सांगावं लागत नाही. पण २०२५च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाला आलेल्या काही मंडळींना ते थेट किल्ल्यासमोरच्या कठड्यापाशी कळलं. संमेलन २१ ते २३, शुक्रवार ते रविवार. सोमवार ‘दिल्ली पाहण्यासाठी’ राखून ठेवलेला. नांदेडकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक बंदोबस्तावरच्या शिपायाला समजावत होते, ‘‘हम बहुत लांब से आये हैं, भाई. सिर्फ अंदर का छत देखना है.’’ शिपायानं हात जोडले. ‘‘कल आइए.’’ मंगळवारी सकाळी त्यांची परतीची गाडी होती.

लाल किल्ल्यात येऊन मराठी माणसाला छत कशाला बघायचं असतं, हे त्या बिचाऱ्या शिपायाला कळायचं काही कारण नव्हतं.

आपली मंडळी दिल्लीला येतात ती बहुधा दुसरीकडे जाता जाता. वैष्णोदेवी, हरिद्वार, चारधाम, नाहीतर सिमला-मनाली. झेलम किंवा गोवा एक्सप्रेसमधून उतरायचं, करोल बागेतल्या हॉटेलात सामान टाकायचं, आंघोळी उरकायच्या आणि ‘दिल्ली दर्शन’च्या बसमध्ये बसायचं. राजघाट, इंडिया गेट, कुतुबमिनार, लोटस टेंपल, संध्याकाळी अक्षरधाम. सहलीच्या पत्रकावर लाल किल्लाही असतो, पण बहुतेकदा त्यापुढे कंसात ‘बाहेरून’ लिहिलेलं असतं. टूर मॅनेजरचंही चुकत नाही म्हणा. तिकिटाची रांग, मग तपासणीची रांग, मग आतली तंगडतोड. चाळीस माणसं आत सोडली की दोन-तीन तासांची निश्चिंती. त्यापेक्षा बस भिंतीला वळसा घालते, मोबाइल खिडकीबाहेर निघतात आणि लाल किल्ला ‘झाला’.

गंमत अशी, की मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या डोक्यात दिल्ली आधीपासूनच खच्चून भरलेली असते. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंबरोबर दिल्लीत गेला, चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आला, येसूबाईंची सुटका झाली. १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीवर उभा ठाकला. १७६०च्या जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी पडला, ऑगस्टमध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली. पुढं महादजी. एवढं सगळं घेऊन माणूस दिल्लीत उतरतो आणि त्याला यातलं काहीही दिसत नाही. दिल्लीत राजपुतांच्या छत्र्या आहेत, पठाणांचे घुमट आहेत, गोऱ्यांचे पुतळेसुद्धा कॉरोनेशन पार्कात ओळीनं उभे करून ठेवलेत. मराठे या शहरावर कधी धाकानं, कधी प्रत्यक्ष फौजेनं वर्षानुवर्षं हुकमत गाजवून गेले, पण सहलीच्या बसमधून बोट दाखवावं अशी वास्तू त्यांनी मागं ठेवली नाही. त्यांची सगळ्यात ठळक खूण म्हणजे एक नसलेली वस्तू.

ती बघायला मंगळवारी आत गेलो. लाहोरी दरवाजा, मग छत्ता चौक. शहाजहानच्या काळी इथं रेशीम आणि जडजवाहीर विकलं जाई, आता पर्स, बांगड्या आणि संगमरवरी म्हणून खपवलेले छोटे ताजमहाल. पुढं नौबतखाना. बादशहा आणि त्याच्या घरचे सोडून बाकी सगळ्यांनी इथं हत्ती-घोड्यावरून उतरायचं. मग दिवाण-ए-आम, आणि तो ओलांडून हिरवळीवरून यमुनेच्या अंगाला गेलं की पांढऱ्या संगमरवराचा दिवाण-ए-खास. यमुना केव्हाच दूर सरकली, आता तिथून रिंगरोडवरच्या गाड्यांची घरघर येते. दिवाण-ए-खासला दोरी लावलेली, आत जाता येत नाही. कमानींवर फारसी शेर कोरलेला आहे आणि प्रत्येक गाइड तो घसा साफ करून म्हणून दाखवतो.

आमच्या पुढं पुण्या-साताऱ्याकडच्या आठ-दहा जणांचा घोळका होता. शेर म्हणून झाल्यावर गाइडनं विचारलं, आप लोग कहाँ से? महाराष्ट्र म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. ‘‘अरे, फिर तो ये छत आप ही लोग ले गये थे!’’

एक काका जोरात हसले. एका ताईंना ते अजिबात आवडलं नाही. ‘‘ले गये नहीं, फौज भुकी थी,’’ त्या म्हणाल्या. तिसऱ्यानं नादिरशहाचा विषय काढला, मयूरासन त्यानं नेलं, त्याचं कोणी काही बोलत नाही. दोन मिनिटांत गाइड बाजूला राहिला आणि घोळक्यात पानिपत सुरू झालं.

ताईंचं म्हणणं खरं होतं. भाऊसाहेब दिल्लीत शिरले तेव्हा खजिन्यात खडखडाट होता. फौजेचा पगार थकलेला, दाणावैरण महाग, पुण्याहून पैसा येईना, उत्तरेतली वसुली अब्दालीच्या भीतीनं आटलेली. दिवाण-ए-खासच्या छताला चांदीचं आच्छादन होतं, ते उतरवून वितळवलं आणि रुपये पाडले. इतिहासकार नऊ लाखांच्या आसपासचा आकडा देतात. तेवढ्यानं फौजेचं महिनाभरही भागलं नसेल. सूरजमल जाट नाराज होऊन निघून गेला, त्याच्या रागाच्या कारणांत हे छतही धरतात. पाच महिन्यांनी पानिपत झालं. आज वर बघितलं की लाकडी छत दिसतं, सोनेरी-लाल वेलबुट्टीनं रंगवलेलं. १९११च्या दरबाराच्या सुमाराला त्यावर रंगकाम झालं. मान वर करून ते बघताना अभिमान वाटावा की ओशाळं व्हावं, हे मलाही ठरवता आलं नाही. घोळक्यातल्या एका शाळकरी मुलानं मात्र सरळ विचारलं, ‘‘पण मग तेव्हा पाऊस आला तर?’’ गच्चीवरचा स्लॅब आणि छताचं आच्छादन यातला फरक त्याला समजावून सांगायला वडिलांना बराच वेळ लागला.

किल्ल्यातून बाहेर पडलं की समोर चांदनी चौक. तिथल्या कुचा महाजनीत, दागिन्यांच्या घाऊक बाजारात, मराठी ऐकू येतं. तेही माणदेशी वळणाचं. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. देशभरात जिथं सराफकट्टा, तिथं त्यांची भट्टी. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं, लगड पाडायची. एका अरुंद जिन्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत बसलो. मूस लाल झाली होती. आत टाकणखाराची चिमूट पडली, चांदीच्या मोडक्या पैंजणांचा गोळा हळूहळू आकार सोडत गेला आणि वर पाऱ्यासारखी थरथरणारी साय आली. कारागिरानं चिमट्यानं मूस उचलून साच्यात रिकामी केली, तेव्हा खोलीत क्षणभर एवढा उजेड झाला की भिंतीवरचं सिद्धनाथाचं कॅलेंडर झळझळलं. लाल किल्ला इथून चालत पंधरा मिनिटांवर. मी छताची गोष्ट काढली. मालकांना ती पाठ होती, पण त्यांचा प्रश्न धंद्याचा होता: ‘‘नऊ लाख रुपये म्हणजे चांदी किती भरली ओ? तूट किती धरली होती?’’ एवढ्या वर्षांत पानिपतावर इतकं वाचलं, वितळवताना तूट येते हे कुठल्याच कादंबरीकारानं सांगितलं नव्हतं.

वास्तविक याच किल्ल्यातली दुसरी गोष्ट मराठी पर्यटकाला जास्त मान वर करून सांगता येईल, पण ती गाइडच्या तोंडी नसते. पानिपतानंतर दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत आले आणि १७७२च्या जानेवारीत अलाहाबादेत अडकलेला बादशहा शाहआलम त्यांच्या पाठबळावर आपल्या तख्तावर परतला. १७८४ साली महादजी शिंदे वकील-ए-मुतलक झाले, म्हणजे कारभार सगळा त्यांच्या हाती. १७८८ साली रोहिला गुलाम कादिर किल्ल्यात घुसला, खजिन्यासाठी महालांच्या जमिनी खणल्या, शाहजाद्यांचे हाल केले आणि म्हाताऱ्या शाहआलमचे डोळे काढले. किल्ला सोडवायला आलेल्या मराठी फौजेचा म्होरक्या होता राणेखान. पानिपतावरून जखमी महादजीला वाचवून आणणारा भिस्ती तो हाच. पाणक्याचा सेनापती झाला होता. गुलाम कादिर पकडला गेला, त्याला देहदंड झाला आणि पुढची पंधरा वर्षं किल्ल्यावर मराठ्यांचा पहारा राहिला. पुण्याच्या वानवडीत शिंदे छत्री पाहिलेल्या माणसाला या गोष्टीचं दुसरं टोक इथं सापडतं. संमेलनासाठी पुण्याहून निघालेल्या खास गाडीला महादजींचंच नाव दिलं होतं. तिच्यातून आलेल्यांपैकी किती जण किल्ल्यात पोचले कुणास ठाऊक.

मला दिसलेल्या फलकांवर शहाजहानला भरपूर जागा आहे, १८५७ला भरपूर आहे, आझाद हिंद सेनेच्या खटल्यालाही. मधल्या काळाची मात्र अंग चोरून उभं राहिल्यासारखी गत. त्याला एक कारण इंग्रजांचं आहे. १८५७नंतर त्यांनी किल्ल्याच्या आतल्या बहुतेक इमारती पाडून तिथं बराकी उठवल्या. आज संग्रहालयं आहेत ती त्याच बराकींमध्ये, २०१९पासून. नेताजींचं, जालियनवाला बागेचं, १८५७चं. आत गारवा आहे, प्रकाशयोजना चांगली आहे, बाक आहेत. उन्हातून दमून आलेली मराठी कुटुंबं नेताजींच्या दालनात टेकतात आणि तिथंच डब्यातली चकली निघते. पहारेकरी आधी नको म्हणतो, मग दुसरीकडे बघतो.

किल्ल्याबाहेरची मराठी ठिकाणं मी हट्टानं पाहिली, आणि तो हट्ट इतरांनी करावाच असं म्हणणार नाही. बुराडी आज अवाढव्य वस्ती आहे. ई-रिक्षा, मोबाइल दुरुस्ती, कोचिंग क्लासचे फलक, उघडी गटारं. संक्रांतीच्या दिवशी दत्ताजी जिथं पडला तो घाट कुठला, हे विचारल्यावर रिक्षावाल्यानं मला सरळ यमुनेच्या पुलाकडे नेलं. नदीनं पात्र बदललेलं, काठावर भाजीचे वाफे. तालकटोऱ्याचं तसं नाही, तिथं निदान बाग आहे. संमेलनाचा मांडव तिथंच, बाजीरावाच्या लढाईच्या परिसरात पडला, हा योगायोग व्यासपीठावरूनही ऐकू आला. बाजीरावानं त्या मोहिमेचं वर्णन चिमाजी अप्पाला पत्रातून कळवलं होतं. कालिकेच्या जत्रेची लूट, बादशाही सरदार चालून येणं, सगळं त्यात आहे. पत्र वाचून कालकाजीच्या देवळात गेलं की मजा येते, न वाचता गेलं तर ती एक गर्दी.

खरा चटका लावणारी जागा दिल्लीत नाहीच, ती नोएडात आहे, गोल्फच्या मैदानात. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकनं दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला, तिचं नेतृत्व बुर्कें नावाच्या फ्रेंच सरदाराकडे होतं. त्या दिवशी दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली ती गेलीच. इंग्रज आत शिरले तेव्हा त्यांना फाटक्या छत्राखाली बसलेला आंधळा शाहआलम भेटला. लढाईच्या स्मरणार्थ १९१६ साली उभारलेला दगडी स्तंभ आता हिरव्यागार गवतात आहे आणि आजूबाजूला लोक चेंडू टोलवतात. मैदान सभासदांसाठी. फाटकावर कारण विचारतात. ‘इतिहास’ हे उत्तर त्यांच्या वहीतल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं, शेवटी ‘व्हिजिटर’ लिहिलं.

एवढं आपलं आपलं करून झाल्यावर हेही सांगायला हवं, की दिल्लीत फक्त स्वतःला शोधणारा प्रवासी पुष्कळ गमावतो. कुतुबमिनारापाशी सगळे मिनार चौकटीत बसवायला मागं मागं सरकतात आणि हिरवळीवर ठेवलेल्या एका दगडी छत्रीला टेकतात. ती रॉबर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२८ साली मिनाराच्या माथ्यावर चढवलेली. इतकी विसंगत दिसली की वीस वर्षांनी खाली उतरवली. मिनाराच्या आत आता कुणाला सोडत नाहीत. १९८१च्या डिसेंबरात जिन्यात वीज गेली, चेंगराचेंगरी झाली, ४५ जीव गेले, त्यात बहुतेक शाळेची मुलं. जुनी माणसं ‘आम्ही वरपर्यंत चढलो होतो’ म्हणून सांगतात ती त्याआधीची.

हुमायूनच्या मकबऱ्याशी २०२४मध्ये जमिनीखाली नवं संग्रहालय झालंय, आणि माझ्या मते सध्या दिल्लीतलं ते सगळ्यात नेटकं. लेखी मजकूर कमी, वस्तू नीट उजेडात, चढ-उतार व्हीलचेअरला सोसेल असे. मकबऱ्यात मोगल घराण्यातली इतकी माणसं पुरली आहेत की मोजदाद नाही. दारा शुकोह इथंच आहे. त्याची नेमकी कबर कोणती यावर अजून वाद चालतो. त्याला ज्यानं मारवलं तो धाकटा भाऊ आपल्या खुलताबादेत. संभाजीनगरकडच्या लोकांना दिल्लीत असे दुवे फार भेटतात. तुघलकाबादच्या ओसाड तटावर उभं राहिलं की देवगिरी आठवतोच. मुहम्मद तुघलकानं १३२७च्या सुमाराला राजधानी दौलताबादेला हलवली, ती गोष्ट आपण त्या टोकाकडून ऐकलेली असते. इथून बघितलं तर ती हजारभर किलोमीटर चालायला लावलेल्या दिल्लीकरांची गोष्ट होते.

जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात लोक एका बाईला भेटायला येतात आणि बहुतेकांचा विरस होतो. मोहेंजोदडोची ‘नर्तिका’ पाठ्यपुस्तकात पानभर असते. प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. ‘‘एवढीशी?’’ कोल्हापूरकडच्या एका आजींनी विचारलं आणि मग काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. खूप वेळ. डाव्या हातात दंडापासून मनगटापर्यंत बांगड्या, उजव्या हातात चारच, तो हात कमरेवर, हनुवटी किंचित वर. आजींनी मोजायचा प्रयत्न केला, मग सुनेला म्हणाल्या, ‘‘कुणाशी तरी भांडून आल्यागत उभी आहे बघ.’’ चार हजार वर्षांच्या त्या पोरीबद्दल मी ऐकलेलं हे सगळ्यात अचूक भाष्य. संग्रहालय पुढंमागं नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये हलवायचं ठरलंय, तेव्हा बघायचं तर आत्ताच बघून घ्यावं.

तीस जानेवारी मार्गावर मराठी प्रवाशाचा आवाज खाली येतो. बिर्ला भवनात गांधीजी शेवटचे १४४ दिवस राहिले. खोलीतून प्रार्थनेच्या चौथऱ्याकडे जाणारी त्यांची पावलं सिमेंटमध्ये उठवली आहेत, आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला जिथं गोळ्या लागल्या तिथं ती थांबतात. ‘कहाँ से’ हा दिल्लीत सगळीकडे विचारला जाणारा प्रश्न इथंही विचारला जातो. उत्तर ‘पुणे’ असेल तर माणूस पुढं काहीतरी जोडतो. ‘पण आम्ही मूळचे साताऱ्याचे’ वगैरे. एका जोडप्यानं मला सांगितलं, की त्यांच्या आजोबांचं घर १९४८च्या जाळपोळीत गेलं होतं. ते इथं मुद्दाम आले होते. राग धरून आले होते का, असं मी विचारलं नाही. पावलांच्या कडेनं चालत दोघं शेवटापर्यंत गेले. परत येताना त्यांच्यासमोर शाळेची सहल आली, दीडशे पोरं त्या पावलांवर आपली पावलं ठेवून मापं घेत होती.

आणि सिव्हिल लाइन्समध्ये २६, अलीपूर रोड. मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब इथं राहायला आले, सिरोहीच्या महाराजांच्या बंगल्यात. ६ डिसेंबर १९५६ला इथंच गेले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेचे कागद शेवटच्या रात्री त्यांच्या मेजावर होते असं सांगतात. जुना बंगला आता नाही, उघड्या पुस्तकाच्या आकाराची नवी इमारत २०१८ साली झाली. दिल्लीतल्या बाकी सगळ्या संग्रहालयांत मराठी माणूस पर्यटक असतो, इथं त्याच्या पायातली चप्पल आपोआप निघते. कुणी सांगितलेलं नसतं. परभणीकडून आलेली एक मिनीबस होती, बहुतेक बायका, पांढऱ्या साड्या, बोधगयेहून परतीच्या वाटेवर. छायाचित्रांखालचा हिंदी मजकूर एक जण मोठ्यानं वाची आणि बाकीच्या तिला चूक काढून दाखवत. सन आणि गाव त्यांना तोंडपाठ होते. महाड कोणतं, येवला कोणता, नागपूरचं कोणतं, फोटो बघितल्याबरोबर.

‘‘बाबा झोपायचे ती खोली कुठली?’’ एकीनं कर्मचाऱ्याला विचारलं. तो बंगला पाडला, हे त्यानं सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना. पाडला कशाला, कोणी पाडला, तेव्हा तुम्ही काय करत होता, असं म्हणत तिनं त्या पंचविशीतल्या पोराला चांगलंच दटावलं. तो सर सर म्हणायच्या जागी जी माँजी म्हणू लागला.

बाहेर ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता. अक्षरधामची वेळ निघून चालली होती, नंतर करोल बागेत साड्यांचं दुकान ठरलेलं. बसच्या दाराशीच बैठक बसली. अक्षरधाम रद्द झालं, दोनच मिनिटांत. दुकानावर मात्र बराच वाद झाला, कारण सुनांसाठी काही घ्यायचं राहिलं होतं. शेवटी ठरलं की आधी संसदेबाहेरून एक चक्कर, मग दुकान, आणि तिथं अर्ध्या तासाच्या वर जी लावेल तिला सोडून बस निघेल.